जुन्या पांढरीचे खडे

रविवार, १२ जानेवारी

आलो एकदाचा येलदरीला! नांदेडहून जिंतूर, जिंतूरहून इथे, आणि सायकल दोन्ही वेळा एस.टी.च्या टपावर. कंडक्टरने विचारलं, एवढ्या जाड टायरांची सायकल असताना बसने कशाला चाललात गुरुजी? मी म्हटलं, ती मला नेत नाही, मीच तिला नेतोय. सगळी बस हसली. सोळा वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, पण एवढा मोठा वर्ग माझ्या विनोदाला कधी हसला नव्हता.

काम असं आहे. जिंतूरच्या सायकलवेड्या डॉक्टर मंडळींच्या क्लबला धरणाच्या बाजूने अठरा किलोमीटरची डोंगरी सायकलची वाट आखून हवी आहे. माळ, नाला, तुरीच्या शेतांचे बांध, आणि मधोमध जुनी पांढर. पांढर म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाची जागा. आज लांबूनच पाहिली. पांढुरकी माती, आडवे पडलेले काळे कोरीव खांब, अर्धी बुजलेली बारव, भोवती कमरेएवढी पडकी भिंत. भिंतीला एकच खिंडार. तिथून आत शिरायचं, बारवेला वळसा घालायचा आणि तिथूनच बाहेर पडायचं. माझ्या तर डोक्यात वळणं फिरायलाही लागली.

उद्घाटन २ फेब्रुवारीला. त्या वाटेवर पहिलं चाक तुझं, असा शब्द साक्षीला दिलाय. लेक अकरा वर्षांची आहे आणि दिलेला शब्द विसरत नाही. निघताना तिने माझ्या हँडलला निळी घंटी लावून दिली. तिच्याशिवाय तीन आठवडे काढायचे म्हणजे जरा जडच आहे. पण खोली बरी आहे, खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, आणि खाली किशनरावांच्या हॉटेलात भजी उत्तम मिळतात.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पांढरीपाशी एक मेंढपाळ जोडपं भेटलं, रायभानमामा आणि कासाबाई. मामा बोलत नाहीत, मावशी थांबत नाहीत. तीळगूळ दिला, वर ज्वारीचा हुरडा भाजून दिला. पोट फुटेस्तोवर खाल्ला.

मामांचं मोजायचं तंत्र पाहून मजा वाटली. सकाळी मेंढरं खिंडारातून आत चरायला जातात, तेव्हा एका मेंढरामागे एक खडा भिंतीशी टाकायचा. संध्याकाळी एक मेंढरू बाहेर आलं की एक खडा उचलायचा. खडा उरला तर एक जनावर आत राहिलं. पाटी नाही, पेन्सिल नाही, चूक नाही. माझ्या शाळेत हजेरीपटाचे इतके घोळ होत असत, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माणसांनीही आत जाताना स्वतःचा खडा टाकायचा म्हणे, आणि येताना उचलायचा. मावशींनी माझ्या हातात एक दिलासुद्धा. मी हसून खिशात टाकला. आमच्या आजोबांनी छप्पन साली दगडांना हात जोडायचं सोडलं, मी आता कुठे दगड मोजत बसू, असं म्हणालो. मावशी हसल्या नाहीत. हात जोडा म्हनलं न्हाई मास्तर, मोजा म्हनलं, एवढंच बोलल्या.

शनिवार, १८ जानेवारी

वाट जवळजवळ जमली. एकच अडचण होती. बारवेजवळच्या वळणावर माती भुसभुशीत, चाक घसरलं की थेट बारवेत. कडेला दगडांची ओळ हवी होती. आणि खिंडाराच्या आतल्या अंगाला, मामांच्या रोजच्या खड्यांपासून वेगळा, एक जुना ढीग सापडला. गोल, चपटे, तळहातात मावतील असे, शेवाळ धरलेले. कुणीतरी मुद्दाम घडवून ठेवले असते तरी इतके बरोबर बसले नसते. एकतीस नेले आणि ओळ पक्की केली. दोनदा त्या वळणावरून सायकल काढली. लोण्यातून सुरी फिरावी तशी गेली.

संध्याकाळी उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. खडबडीत रस्त्यावर हँडल फार वेळ आवळून धरलं की सायकलवाल्यांना हे होतंच. हँडल बोटभर वर घेतलं. उद्या जाड हातमोजे घालीन.

मंगळवार, २१ जानेवारी

दोन्ही हात मनगटापर्यंत बधिर. हँडलला तीन दिवस हात लावलेला नाही, तरी.

आज मोजा काढला तर आत रक्त. बाभळीचा काटा बुटाच्या तळव्यातून वर आला होता, बोटाच्या एका पेराएवढा आत रुतलेला. मी त्यावर चार किलोमीटर चाललो होतो. दुखलं नाही. उपटला तेव्हाही नाही.

रायभानमामांनी जुना ढीग पाहिला आणि मेंढरं आत न सोडताच परत नेली. मावशी मात्र माझ्याकडे आल्या. तो जुना ढीग न परतलेल्यांचा होता, असं त्या सांगत होत्या. गाव उठलं तेव्हाचे, आणि त्यानंतरही कधी कुणी आत गेलं आणि आलंच नाही, त्यांचे. खडा ढिगात आहे तोवर माणूस आत आहे. मी एकतीस उचलले, म्हणजे एकतीस जण बाहेर निघाले.

मी विचारलं, मग चांगलंच झालं की, सुटले बिचारे?

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. त्येंच्यात कायच उरलं न्हाई आता, म्हणाल्या. ना ऊन लागायलंय, ना भूक लागायली. भाइर निघायला कुनाचं तरी घ्यावंच लागतंय. ज्यानं काडलं त्याचंच घेऊन चालले ना मास्तर.

मी त्यांना नसांचं शास्त्र समजावलं. शिकवायची सवय जात नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना माझ्या दंडाला चिमटा काढला. काढलेला दिसला.

गुरुवार, २३ जानेवारी

किशनरावांनी आज माझ्या हातातून चहाचं पातेलं हिसकावून घेतलं. मी ते चुलीवरून नुसत्या हातांनी उतरवून धरून उभा होतो म्हणे. तळव्यांची साल निघाली आहे. वास आला, चटका नाही. भजी कापसासारखी लागतात. मीठ, तिखट, काहीच नाही.

जिंतूरला डॉक्टरांना दाखवलं. नांदेडला जाऊन नसांची तपासणी करून घ्या म्हणाले.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. रात्री आठला साक्षीचा फोन आला. शाळेच्या संघात तिचं नाव लागलं. ती किंचाळत सांगत होती, मागे तिची आई हसत होती. मी ऐकत होतो आणि आतून काही येईल म्हणून वाट पाहत होतो. काहीच आलं नाही. कुणी रेडिओ लावून ठेवावा तसं ते सगळं चालू होतं. मी “शाब्बास” म्हणालो, कारण अशा वेळी म्हणतात.

फोन ठेवल्यावर मात्र भीती वाटली. खरी, पोटातली. म्हणजे अजून एवढं शिल्लक आहे. हे असंच चढत गेलं तर ती माझ्यापुढे रडेल आणि मी बघत बसेन. बाकी काहीही जावो, तिच्यापुरतं तरी राहायला हवं. शास्त्र गेलं उडत. उद्या सगळे दगड जागेवर ठेवतो.

शुक्रवार, २४ जानेवारी

ठेवले. एकतीसच्या एकतीस, दोनदा मोजून. हातात दगड आहे की नाही ते बघत बघत ठेवावं लागलं, दोन वेळा पायावर पडला.

मावशी पलीकडून धावत आल्या. मामाही आले, आणि पहिल्यांदाच बोलले.

“हे काय करून बसलाव मास्तर?”

मग मावशींनी सांगितलं. गेलेले ते गेले, ते काही खडे बघून परत येत नाहीत. खडा टाकला म्हणजे एक माणूस आत जाणार. मी एकतीस टाकले. आता जागा एकतीस जणांची वाट बघत बसेल. आणि पुन्हा उचलू नका, म्हणाल्या. माणूस आत गेल्याबिगर त्याचा खडा उचलायचा न्हाई, वाट बघनारी जागा मग उचलनाऱ्यालाच धरून ठिवती.

मेंढपाळाला जे रोज सकाळी कळतं ते मला कळलं नाही. मी आपलं वर्गात खडू जागेवर ठेवावा तसं ठेवून दिलं.

शनिवार, २५ जानेवारी

क्लबकडून उद्घाटनाच्या दिवशीच्या स्वारांची यादी आली. तीस नावं. खाली पेनने: शिवाय गुरुजींची कन्या.

सोमवार, २७ जानेवारी

क्लबला फोन करायचा: उद्घाटन रद्द करा. घरी फोन करायचा: साक्षीला पाठवू नको.

केला नाही. दिवसभर फोन समोर होता. विसरलो नव्हतो. करायला हवा हे माहीत आहे, पण ते माहीत असणं आणि हात पुढे करणं, यांच्यामध्ये पूर्वी काहीतरी असायचं. ते काय असायचं ते आठवत बसलो.

मंगळवार, २८ जानेवारी

मावशी खोलीवर आल्या होत्या. पोरीला आणू नका, पाया पडते, असं काहीसं. खरंच पाया पडल्या. मी पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पदर भिजला. म्हातारी आहे, दमेल, असा विचार आला. मी दार लावून घेतलं.

साक्षीचे तीन फोन. घ्यायला हवे होते.

गुरुवार, ३० जानेवारी

कागदावर लिहून काढलं, वाचलं की काही होईल म्हणून. साक्षी. अकरा वर्षं. जन्मली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. दोन वर्षांची असताना तापात फणफणली तेव्हा रात्रभर उभा होतो. मी तिचा बाप आहे.

वाचलं. पुन्हा वाचलं. बरोबर आहे सगळं.

भीतीही गेली. कधी गेली ते कळलं नाही. २३ तारखेला होती.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळच्या बसने साक्षी आणि तिची आई शीला, दोघी आल्या. शीलाने माझा हात धरला आणि सोडला. तुमचे हात किती गार आहेत, म्हणाली, जळालेल्या तळव्यांकडे बघत राहिली. रडायला लागली. साक्षी मात्र सायकल घेऊन तयार. बाबा, शब्द दिलाय तुम्ही.

शीला मला डॉक्टरकडे न्यायला गाडी मिळेल का ते किशनरावांना विचारायला गेली. आम्ही निघालो. मी नाही म्हणालो नाही.

दुपार, पांढर.

मामांनी वाटेत काठी आडवी धरली. मावशी ओरडत होत्या. साक्षीने माझ्याकडे पाहिलं, जाऊ का? सांगायचं होतं, थांब. शब्द माहीत आहे. मी मान हलवली. हो अशी हलली. काठीखालून ती निघून गेली.

खिंडारातून आत. एकदा घंटी वाजवली.

मी खिंडारापाशी, भिंतीच्या बाहेर बसून लिहितोय. मामा मावशींना धरून उभे आहेत, आत कुणीच पाऊल टाकत नाही.

बारवेकडून हाक आली. बाबा, माझ्या हातांना काहीच कळत नाहीये. रडते आहे. घाबरली आहे.

ती आत गेली आहे, म्हणजे आता तिचा खडा उचलता येतो. एक उचलला की एक बाहेर. मावशी तेच ओरडतायत, उचला मास्तर, उचला. काढणाऱ्याचं ते घेऊन जातात. घेऊ दे, माझ्याकडे जे असेल ते.

डावा हात खिंडारातून आतल्या ढिगावर ठेवलाय. दिसतोय. बोटं मिटतायत की नाही ते—

पुन्हा हाक. बाबा. या वेळी रडत नव्हती.

एक खडा. मुठीत आहे बहुतेक. वर बघितलं तर मूठ उघडी आणि खडा खाली. पुन्हा. पुन्हा खाली. घाई करायला हवी, घाई कशी करतात ते—

तिसरी हाक आली. अगदी शांत आवाज. बाबा, राहू द्या, आता मला काहीच वाटत नाही. पेन हातात आहे की—