खाली उतरत गेलेल्या ओळी

तलासरी,
दि. १६ जानेवारी २०१८

चि. दौलत यास,
हिरकणीताईचे अ. आ.

सोबत तिळगुळाची पुडी आहे, ती विनिताकडे दे. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र यंदा माझ्याकडून ठेवू नकोस.

रविवारी संक्रांतीचा फोन केलास तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. पहिली दोन वाक्यं नीट आली, मग जीभ जड झाली, शब्द नाकातून यायला लागले. मी फोन ठेवला तो रागाने नाही. मला रडू फुटायला लागलं म्हणून ठेवला. समोर वसतिगृहाच्या चाळीस मुली जेवायला बसल्या होत्या, त्यांच्यासमोर अधीक्षिकाबाईंनी रडायचं तरी कसं? अण्णांचा आवाज संध्याकाळी अस्साच व्हायचा. ताडीने वडिलांना नेलं तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. तेराव्याला माझ्या डोक्यावर हात ठेवून तू काय म्हणाला होतास, ते मी पुन्हा लिहीत नाही.

भाऊबीजेला ओवाळताना तुझी डावी पापणी अर्धी खाली आलेली मला दिसली होती. तेव्हा गप्प बसले, ही माझी चूक. आता विनिता सांगते, रोज दुपार कलली की तू वाडीच्या टोकाला शुक्राच्या झापात, त्याच्या झावळ्यांच्या खोपटात, जाऊन बसतोस. शुक्रा ताडी काढतो, तिथे कुणी भजन करायला जात नाही.

वापीच्या पुढे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. मी चौकशी केली आहे. १२ फेब्रुवारीला त्यांची गाडी येईल, त्यात बसायचं. तोवर फोन करू नकोस, तुझा तो आवाज मला ऐकवत नाही. काय ते पत्रातून लिही.

माझा जीव टांगणीला लागला आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
ताई


नरपड,
दि. २२ जानेवारी २०१८

ती. ताईस,
दौलतचा शि. सा. न.

तिळगूळ मिळाला. कडक होता. दोन चावून दमलो, बाकीचा विनिताने संपवला.

ताई, तू बाई झालीस, अधीक्षिका झालीस, आता फौजदारही झालीस वाटतं. आरोपीला न विचारता शिक्षा! मी पीत नाही. थेंबही नाही. यापुढे हे मी किती वेळा लिहू? गेल्या महिन्यात चिकूचा व्यापारी वजन करताना माझ्याकडे बघून हसला आणि गुजरातीत त्याच्या माणसाला म्हणाला की शेठ आज लवकर चालू झाले. मला गुजराती कळत नाही असं त्याला वाटलं असेल. मी काहीच बोललो नाही, कारण बोललो असतो तर जीभ अडखळली असती आणि तो आणखी हसला असता.

मला काय होतंय ते मलाच कळत नाही. सकाळी ठणठणीत असतो. जाळीची काठी घेऊन दोन झाडांचे चिकू उतरवतो. मग मान वर धरवत नाही. एका चिकूचे दोन दिसतात, आणि काठी नेमकी नसलेल्या चिकूकडे जाते. मजूर बाया तोंडाला पदर लावतात. परवा विनिताने उकडहंडी केली होती, तुझ्या आवडीची, कोनफळाच्या फोडी घालून. चार घास खाल्ले आणि जबडा हाताने धरून चावावं लागलं. विनिताला वाटलं मी नाटक करतोय.

शुक्राकडे जातो, हे खरं. का जातो ते विचारू नकोस. केंद्रात मी जाणार नाही. गाडी आली तर तिच्यात चिकूच्या पाट्या भरून पाठवीन.

हात दुखायला लागला, अक्षर गेलं बघ पार. बाकीचं पुढच्या वेळी. वसतिगृहातल्या तुझ्या पोरींना माझा आशीर्वाद. रागाव, पण टाकू नकोस.

तुझा,
दौलत


नरपड,
दि. २७ जानेवारी २०१८

ती. हिरकणीताईंना,
विनिताचा सा. न.

यांना न सांगता लिहीत आहे. तुम्ही म्हणता तसंच करू या. काल संध्याकाळी झापातून घरी येताना बांधावर पडले. शुक्राने आणून सोडलं. डोळे अर्धे मिटलेले, शब्द कळेना. मी तोंडाजवळ वास घेतला, वास नव्हता. लवंग चघळत असतील. पाणी दिलं तर नाकातून बाहेर आलं. मी मागच्या दारी जाऊन रडले.

सकाळी पाहावं तर माणूस नेहमीसारखा, मला चहा करून दिला.

केंद्रवाल्यांचा फोन आला होता. पहिले तीन दिवस झोपेचं इंजेक्शन देतात, म्हणजे दंगा करत नाहीत, असं ते म्हणाले. मी हो म्हणून टाकलं. बरोबर केलं ना ताई? तुमच्याशिवाय मला कुणाला विचारता येत नाही.

तुमची,
विनिता


तलासरी,
दि. २ फेब्रुवारी २०१८

चि. दौलत यास,
अ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाही. शाळेचे शिपाई लडक्याभाऊ उद्या डहाणूला जात आहेत, ते तुझ्या हातात देतील. आधी महत्त्वाचं. कुणीही, अगदी मी सांगितलं असं म्हणाला तरी, झोपेचं इंजेक्शन घेऊ नकोस. केंद्राला मी फोन करून गाडी पाठवू नका म्हटलं आहे. विनितालाही सांग.

आता कारण. सातवीला स्नायूंचा धडा चालू आहे. बावीस वर्षं शिकवते आहे, झोपेतही म्हणून दाखवीन. स्नायू तीन जातींचे. हाडांना बांधलेले अस्थी स्नायू, ते आपल्या हुकमावर चालतात. आतड्यांचे, रक्तवाहिन्यांचे मृदू स्नायू, ते आपल्याला न विचारता हळूहळू काम करतात. आणि तिसरा हृदयाचा, जो कधी दमत नाही. मुलींना मी मूठ उघडमीट करायला लावली. शंभरच्या आतच सगळ्यांच्या मुठी ढिल्या पडल्या. दोन मिनिटं बसा म्हटलं, तर पुन्हा जोर आला. दमणं आणि विसाव्याने भरून येणं ही अस्थी स्नायूची खूण, असं मी फळ्यावर लिहिलं आणि खडू हातातच राहिला.

वर्ग सुटल्यावर तुझं पत्र काढलं आणि ओळींवर पट्टी ठेवली. वरच्या ओळी सरळ आहेत. मधल्यापासून उजवीकडे उतरायला लागतात, शेवटची तर बोटभर खाली गेली आहे. दौलत, अण्णांचा हात सकाळी कापायचा आणि ताडी पोटात गेली की स्थिर व्हायचा. तुझं उलट आहे. पापणी, जबडा, जीभ, मान, हात, गिळणं, तुझ्या तक्रारीतलं एकूण एक अस्थी स्नायूंचं काम आहे. आणि प्रत्येक वेळी विसाव्यानंतर ते परत येतं.

स्नायूत बारीक तंतूंच्या दोन जाती असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवावीत तसे ते सरकतात आणि स्नायू आखडतो. पण आधी मज्जातंतूच्या टोकातून एका द्रवाने पलीकडे जाऊन निरोप द्यावा लागतो. माझा संशय असा की तुझे तंतू धड आहेत आणि निरोप वाटेत अडतो आहे. मी डॉक्टर नाही. चुकतही असेन. पण एका गोष्टीने मला दोन रात्री झोप नाही. छातीखालचा श्वासाचा पडदा आपण न सांगता हलतो, म्हणून मुली त्याला मृदू स्नायूत घालतात आणि मी तांबडी खूण करते. तो अस्थी स्नायू आहे, दौलत. तुझ्या पापणीच्याच जातीचा. त्यावर झोपेचं इंजेक्शन!

उद्या-परवा एक पत्र दिवसभर लिही. उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, वेळ टाकून. अक्षर सुधारू नकोस. ते मला डॉक्टरला दाखवायचं आहे. सोमवारी इथे तपासणी आहे, ती उरकली की मी निघते.

माझ्यावर रागावलास तरी चालेल, लिही मात्र.

ताई


नरपड,
दि. ४ फेब्रुवारी २०१८

ती. ताईस,
शि. सा. न.

सकाळी सात. काल लडक्याभाऊंनी पत्र दिलं. तीनदा वाचलं. विनिता शेजारी बसून ऐकत होती, मग उठून गेली आणि नाक शिंकरत परत आली. बघ, अक्षर कसं मोत्यासारखं आहे. शाळेत तू पट्टीने मारायचीस, आता ओळी मोजतेस. पट्टी काही सुटली नाही तुझी.

सकाळी अकरा. एक झाड उतरवलं. मान दुखते. अजून बरं आहे.

दुपारी तीन. आता सांगतो शुक्राकडे का जातो. हसू नकोस. दुपारनंतर माझी जीभ वळत नाही, डोळे मिटतात. बाजारात लोक बघतात, घरी विनिता बघते. झापात कुणी बघत नाही. तिथे सगळ्यांचीच जीभ जड असते, ताई. तिथे मी कुणी वेगळा नसतो. शुक्रा एक गोणपाट टाकून देतो, त्यावर पडून राहतो. बरं वाटलं की उठतो. तुला हे आधी सांगायला हवं होतं. लाज वाटली. दारुड्या म्हटलेलं चाललं मला, पण लुळा होत चाललोय हे तुला सांगवेना.

संध्याकाळी सहा. पेन धरवत नाही. दोन दोन ओळी दिसतात. आज श्वास

ताई, मी विनिता. पेन यांच्या हातातून पडलं. जेवताना भात घशात अडकला, पाठीत मारून काढला. आडवं झालं की दम लागतो म्हणतात, बसवून ठेवलं आहे. तुमचा फोन लागत नाही. तुमची तपासणी राहू दे. या. शुक्राचा भाऊ रिक्षा घेऊन तुमच्याकडे निघाला आहे, हे पत्र त्याच्याच हातात देते.


तलासरी,
दि. ११ मार्च २०१८

चि. दौलत यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या इस्पितळात तू काचेपलीकडे होतास, तेव्हा बोलायचं होतं ते राहिलं. पुढे बोलता यायला लागलं तर तू मला चिकूचे भाव सांगत बसलास. म्हणून लिहिते.

त्या रात्री डहाणूच्या डॉक्टरांनी रुमालात बर्फ बांधून तुझ्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला, आणि पापणी वर गेली. आठवतं? तुला आठवत नसेल. मला आयुष्यभर आठवेल. थंडाव्याने निरोपाचा द्रव जास्त वेळ टिकतो, असं ते म्हणाले. मायस्थेनिया हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. शरीराचेच पहारेकरी चुकून निरोप घ्यायच्या जागा अडवून बसतात. तुझं दिवसभराचं पत्र मी पुढे केलं तर त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि लगेच मुंबईची गाडी मागवली. ऑक्सिजनवर असतानाही तुझं हृदय पडद्यावर एका लयीत चाललं होतं. मी त्या रेघेकडे बघत बसायचे.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तुला नेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा झापात गेले होते. शुक्राशी भांडायलाच, खरं सांगते. पत्र वाचलं होतं, तरी संशय मनातून जात नव्हता. त्याने मला गोणपाट दाखवलं. दौलतशेठनी इथे कधी थेंब घेतला नाही, असं म्हणाला. मग हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तर तो म्हणाला की बाई, मला कुणी विचारलंच नाही.

मी विनिताचं ऐकलं, केंद्रवाल्यांचं ऐकलं, माझ्या भीतीचं ऐकलं. अण्णांचा आवाज माझ्या कानात इतका बसला आहे की तुझा आवाज मी ऐकलाच नाही. मी तुला त्या गाडीत बसवणार होते. हा विचार आला की हातातला घास खाली ठेवते. मला क्षमा कर, दौलत. मोठी आहे म्हणून मागायची नाही, असं काही नसतं.

गोळी वेळेवर घे. झाडावर चढायचं नाही. तुझ्या फोनची मी वाट बघते, पण तूच करावास असं म्हणायला तोंड नाही.

तुझी चुकलेली,
ताई


नरपड,
दि. १८ मार्च २०१८

ती. ताईस,
दौलतचा शि. सा. न.

पाडव्याची गुढी उभारली. विनिताने खालून धरली, मी वर बांधली, गोळी घेऊन.

क्षमा वगैरे राहू दे. तू पट्टी लावली नसतीस तर आज कॅलेंडरवर माझी तिथी असती. मी तरी कुठे शहाणा? तुझ्यापासून लपवलं. दोघांनाही अण्णांची भीती, फक्त आपण ती वेगवेगळ्या बाजूंनी धरून बसलो होतो.

आज दुपारी शुक्राकडे गेलो. सवयीने गोणपाट टाकायला लागला, मी नको म्हटलं, बसून बोललो. सगळ्यांच्या जिभा जड, माझी एकट्याची सरळ. थोड्या वेळाने तो म्हणाला की शेठ, आता तुम्ही इथे शोभत नाही, घरी जा. इतका आनंद मला कुणी हाकलल्यावर कधी झाला नव्हता.

हा आजार जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. गोळी चार तास पुरते, मग पापणी पुन्हा खाली यायला लागते. आता संध्याकाळचे सात वाजत आले आहेत, पुढची गोळी सातला आहे, म्हणून ही शेवटची ओळ थोडी उतरेल. पट्टी लावू नकोस. फोन तू कर, ताई. संध्याकाळीच कर. शब्द अडखळला तर ठेवू नकोस, जरा थांब, मी तो परत म्हणेन.

तुझा,
दौलत