टेकू

३ मे
देवळाचं उरलंय ते पाहिलं. शिखर नाही, भिंती नाहीत, मूर्ती कधीच गेली. फक्त मंडप — खांब आणि वर दगडी छप्पर. पायरीवर हात टेकला तर चटका बसला, असं ऊन. आणि या देखण्या म्हाताऱ्याच्या काखेत लोखंडी टेकू! घातलेत माझ्या सख्ख्या भावाने. डागडुजीचा इंजिनिअर ना तो. टेकू ठेवायचे की काढायचे, ते परवाच्या सभेत गाव ठरवणार. 'काढा' म्हणणाऱ्यांनी मला बोलायला बोलावलंय. उतरले मात्र दादाकडेच.

जेवताना म्हणाला, "वक्त्या बाई, छप्पर भाषणावर उभं राहत नाही."
"तुझ्या लोखंडाआधी कशावर उभं होतं?"
वहिनी म्हणाली, "आधी जेवा. मग एकमेकांना खा."

४ मे
भाषण मनात तयार आहे. राज्यं आली नि गेली, या मंडपाने कुणाचा आधार मागितला नाही. वाचवतो म्हणत आपण धडधाकटाला आजारी ठरवतो.

दादाचं एकच पालुपद — दिवसा ऊन दगड ताणतं, रात्री तो आकसतो, आतून तडा गेलाय.
"दिसत तर नाही."
"दिसला असता तर तुला समजावत बसलो असतो?"
आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी टिटवी म्हटलं त्याला.

५ मे
सभा जिंकली. माइक बाजूला सारूनच बोलले. टेकू निघणार. दादा शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. परतताना एवढंच म्हणाला, "छान बोललीस." त्याचाच राग आला.

६ मे
सकाळी एकटीच मंडपात गेले. कालच्या भाषणाचा शेवट खणखणीत म्हटला. आवाज चहूकडून भरून परत आला. उजव्या कोपऱ्यातून मात्र पडल्यासारखा. जागा बदलली, तरी तेच. मग दादाची लाकडी हातोडी घेऊन, मडकं पारखतात तसा एकेक खांब वाजवला. हा स्वच्छ, तोही स्वच्छ. कोपऱ्यातला — बद्द.

माणसांशी, पुस्तकांशी जन्मभर वाद घातला. स्वतःच्या कानाशी घालता येईना.

दादाला सांगितलं, एक खांब बद्द वाजतो.
"एकच?" म्हणाला. "मला दोन सापडलेत."

७ मे
सभा झाली त्याच चौकात उभी राहिले. म्हटलं, चुकले मी, टेकू राहू द्या. कुणीतरी ओरडलं, "भावाने रात्रीत फिरवली वाटतं!" आणि मग माझीच परवाची वाक्यं मला म्हणून दाखवली. पाठ केलीत लेकांनी. कुठे थांबायचं तेसुद्धा!

८ मे
माणसं टेकूंचे नट सोडवायला पाने घेऊन आली आहेत. मी खांबाला पाठ लावून छपराखाली बसले आहे. मी इथे असेपर्यंत टेकूला हात लावणार नाहीत.

आत्ताच दादा आला. म्हणाला, "सरक जरा."