गारांचं पाणी

१२ मार्च
शिरूर अनंतपाळला रुजू झालो. वार्ताहराला बढतीसारखी दिसणारी ही बदली. खोली झकास. भिंतीपलीकडे घरमालकीण सिंधुकाकूंचं स्वयंपाकघर, मध्ये एक झरोका. भाडेकरू संस्कृत शिकलेला म्हणून काकू खूश. मीही चष्मा पुसून होईल तेवढा विद्वान दिसून घेतलं.

१७ मार्च
दुपारी गारा. अख्खी गल्ली पराती घेऊन बाहेर. काकूंनी वितळलेलं पाणी बाटल्यांत भरलं. भाजल्यावर लावायला वर्षभर ठेवतात. मी ज्ञान पाजळलं. आकाशजल चार प्रकारचं: पावसाचं धार, गारांचं कार, दवाचं तौषार, बर्फाचं हैम. हे कार, अमृतच! काकू म्हणाल्या, मंग आमच्या शिवकन्येला रोज घोटभर देते की. सून, सातवा महिना. मान म्हणून पहिला घोट मला.

२४ मार्च
रोजचा घोट चालू. घसा खवखवतो. उन्हात धरलं तर बाटलीत काही तरंगतंय. विष्णुपुरीच्या विद्यापीठात मित्र आलोककडे नमुना पाठवला. प्राध्यापक आहे; म्हटलं, अमृताची परीक्षा घे.

२९ मार्च
आलोकचा फोन. प्लास्टिकचे तंतू. साड्यांचे, पोत्यांचे. वाऱ्यावर उडतात, माणूस पोचत नाही तिथल्या बर्फातही सापडतात. म्हणजे हैमही बाटलं.
काकूंना सांगितलं, देऊ नका. हसल्या. तुमीच अमृत म्हणलाव, आता तुमीच इख म्हणायलाव? पलीकडे शिवकन्या खोकत होती.

२ एप्रिल
काकू बाजाराला गेल्यावर बाटल्या मोरीत ओतल्या. एकीतही तंतू नाही. तळाशीसुद्धा नाही. म्हणजे सगळे आमच्या –

४ एप्रिल
सकाळी खोकताना जिभेवर निळा दोरा. चिमटीत धरून ओढला. वीतभर आला. संपेना.
त्याच क्षणी पलीकडे शिवकन्या ओरडली. आतून कुणी पोट ओढलं म्हणे. योगायोग.

५ एप्रिल
पुन्हा ओढला. पुन्हा ओरडली.
कात्री लावली. नुसती लावली – ती किंचाळली.
दुसरं टोक कुठं आहे ते कळलं. अमृत मीच म्हणालो होतो.

६ एप्रिल
जीप बोलावली आहे, आम्हा दोघांनाही लातूरला न्यायला. दोरा आता आपसूक आत खेचला जातोय; तोवर दातांत घट्ट. जरा हललो की ती कण्हते. सुटला तर तिचं बाळ –
झरोक्यातून काकूंचा आवाज. सुनेच्या घशात दोरा दिसला म्हणे. आ कर गं माय, ओढूनच काढते –
नको म्हणायला तोंड उघडावं लागेल. आणि तोंड उघडलं की