मंदाच्या गोळ्या आणि माझा मेंदू

७ जानेवारी २००७
गिरडच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडलो, डोक्याला मार बसला, त्याला चार महिने झाले. स्कॅन नॉर्मल. मी ठणठणीत आहे. फक्त काही वाटत नाही. आज अंजू सासरी परत गेली. गळ्यात पडून रडली. मी बसची पाटी वाचत होतो. मंदा म्हणाली, पोरगी रडून राह्यली अन् तुमी असे काऊन?

१५ जानेवारी
पेपरात बातमी. परदेशात डोक्याला मार लागलेल्या उंदरांना डायबिटीसचं औषध दिलं. सुधारले. माणसांचं अजून ठरायचं आहे, असं शेवटी लिहिलंय. असं लिहावंच लागतं त्यांना. मंदाला शुगर आहे. म्हणजे औषध घरातच!

१६ जानेवारी
संशोधन सुरू. मंदा सकाळची गोळी देव्हाऱ्याजवळ वाटीत काढून ठेवते. पूजेनंतर जेवताना घेते. वाटी रिकामी दिसली तर आपण घेतलीच, असं समजते. ती आंघोळीला गेल्यावर मी घेतली. इतकी वर्षं खाते आहे; बिघडत नाही.

२४ जानेवारी
दुकानात कापड फाडताना हात थरथरले. दरदरून घाम. मेंदू कामाला लागला! मंदा आतून धावत आली, साखरपाणी पाजलं. लगेच तरतरी. गोळीचा गुण.

११ फेब्रुवारी
मंदा सारखं पाणी पिते. यंदा उन्हाळा लवकर. गोळी घेतली का नाई ते आठवतच नाई, म्हणते. बदाम खा म्हणालो.

२ मार्च
अंजूचा फोन. मी आजोबा होणार. 'बरं' म्हणालो. डोस वाढवावा का?

५ मार्च
मंदाने वाटीत हात घालताना पकडलं. मी तिला ती बातमी दाखवली. तिने एवढंच विचारलं, तुमाले गुण येऊन राह्यला का? मी हो म्हणालो.

६ मार्च
वाटीत गोळी होती. मंदा माझ्याकडे बघत पूजा करत बसली. मी गोळी घेतली.

२७ मार्च
मंदा दवाखान्यात. पायाला जखम होऊन चिघळलीय, शुगर भयंकर वाढलीय. बोट काढावं लागेल म्हणतात. डॉक्टर तिच्यावर रागावले, गोळ्या का घेत नाही? मंदा म्हणाली, माह्या ध्यानातच नाई राह्यत जी.
इथे लाज वाटायला हवी, हे मला कळलं. वाटली नाही.
डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाले, यापुढे रोज तुम्हीच आठवणीने द्या, घरात एकाचं तरी डोकं ठिकाणावर हवं. मी हो म्हणालो.