ताईच्या जखमेतले जंतू

चि. शास्त्रज्ञ भाचेबुवा,

तीन मार्चला सकाळी सव्वाअकरा वाजता, तुझ्या आईच्या शोकसभेत, तू तिच्या जखमेतले जंतू पडद्यावर दाखवलेस. कुठल्याच औषधाला न जुमानणारे ते जंतू बशीत मरत होते. तू बनवलेली पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे, म्हणे आपोआप एकमेकांशी जुळतात आणि जंतूंचं अंग फाडतात. चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. वर मलाच म्हणालास, "मावशी, आई कामी आली बघ!"

तिला चमचाभर पाणी पाजायला तुला महिनाभर सवड झाली नाही. तिला मारणाऱ्या त्या जंतूंना मात्र पुढच्या प्रयोगांसाठी रोज खाऊ घालतोस, त्यांची पिलावळ वाढवतोस.

ते सगळे मारून टाक. मारलेस की नाही, ते शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. तुझा आवाज थेट तिच्यासारखा आहे.

नाइलाजाने तुझीच,
मावशी