खरपुडीचं पाणी

१२ ऑगस्ट
सूनबाईंनी आजही भात खाली लागू दिला. मुद्दाम. वरचा भात काढून घेतला, तळाच्या खरपुडीवर पाणी ओतलं, उकळलं, गाळलं आणि जग टेबलावर. मादागास्करात जेवताना हेच पितात म्हणे. मिलिंद नोकरीला तिकडे गेला, हांताला घेऊन आला, तिच्यामागून हेही आलं. त्या पाण्याच्या नावाचा अर्थ म्हणे सोन्याचं पाणी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पातेलं घासताना कामवाली कुरकुरते, ते ऐकायचं मी.

३ सप्टेंबर
यांचं खाणं तुटलंय. पोटात काही ठरत नाही. सकाळी पेज केली, तूप-जिरं घालून. एक चमचा घेतला आणि मान फिरवली. दुपारी हांताचं ते तपकिरी पाणी मात्र भांडंभर प्यायले. वर मला म्हणतात, जरा शिकून घे तिच्याकडून. आजारी माणसाला काय बोलणार! पण लागलं. फार लागलं.

१९ सप्टेंबर
हे गेले. काल दुपारी. काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात होता, याच वेळेसाठी जपलेला. मी तो फोडायला गेले, तेवढ्यात यांनी पाणी मागितलं. हांतानं तिचं पाजलं. मी येईपर्यंत सगळं संपलं होतं. गडू तसाच आहे.

१ ऑक्टोबर
काल तेरावं झालं. पाहुणे गेले आणि देवघराशी वास आला. हांता माहेरची लिचीची रम बाटलीच्या झाकणात घेऊन कोपऱ्यात ओतत होती. त्यांच्यात घराचा ईशान्य कोपरा गेलेल्यांचा, पहिला घोट त्यांना. आमच्यात तिथे देव. माझं डोकंच फिरलं.
"जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाला रम पाजतेस? शेवटचं पाणीसुद्धा तूच पाजलंस, ते पुरलं नाही? चालती हो."
मि. मधे पडला. म्हणाला, आई, बाबा तिचेही होते. तिनं पुसायला फडकं घेतलं, ते मी हिसकावलं.

९ ऑक्टोबर
दोघं बिबवेवाडीला गेले, भाड्याच्या जागेत. निघताना हांता पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.
पातेली चकचकीत आहेत. एकटीपुरता भात लावते. करपत नाही. जेवतही नाही धड.

[पुढचं वर्ष] ५ सप्टेंबर
वर्षश्राद्ध परवावर आलं. गुरुजींनी फोनवर विचारलं, पानावर त्यांच्या आवडीचं काय करताय? बासुंदी, म्हटलं. यांना कधी आवडली होती बासुंदी? मि.नं कळवलंय, येऊ तर दोघं येऊ.

६ सप्टेंबर
ते खरपुडीचं पाणी स्वतः करून पाहिलं. काळंकुट्ट, कडू जहर. ओतून दिलं, पुन्हा भात लावला, पुन्हा तेच. एवढं आयुष्य भात न करपवण्यात गेलं, आता हवा तसा करपवता येत नाही.
शेवटी मि.ला फोन लावला. उचलला हांतानं. आता ठेवून कसा देणार? विचारलं, भात कितपत लागू द्यायचा.
म्हणाली, "आई, वास बदलतो, तेव्हा गॅस बंद. मी येऊन करू?"
उद्या गुरुजी असणार, जाऊबाई असणार. ईशान्येला तो कोपरा आहेच. बघू, म्हटलं आणि फोन ठेवला. नको म्हटलं नाही, एवढं खरं. ये म्हणवलंही नाही.
पातेलं भिजत घातलंय.