काळ्या पडद्यापुढची बनू

सांगली, ३ फेब्रुवारी १९४६

आजपासून रोज लिहायचं. कलावंताची डायरी असावी.

सासऱ्यांच्या, म्हणजे नाथाजीमामांच्या फोटो स्टुडिओत माझी कला सडत चाललीय. मागं कायम तोच रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना. अख्खी सांगली त्या जिन्यापुढं उभी राहून गेली. लायटिंगचा मामांचा नियम एकच. दोन्ही डोळे, दोन्ही कान आले पाहिजेत. फोटो आहे का हजेरी!

पण सुटका जवळ आलीय. धाकट्या मेव्हणीला, बनूला, कोरेगावचं स्थळ आलंय. मुलगा मिलिटरीत फोटो धुवायचा, घरजावई व्हायला तयार आहे. मामा म्हणाले, त्यो दुकानात बसला की तुमी खुशाल जावा कोल्हापूरला, सिनेमात. आता फक्त मुलीचा फोटो पाठवायचाय. तो मीच काढणार.

५ फेब्रुवारी

मामा बाजारात. राजवाडा गुंडाळून टाकला. बनूच्या मागं काळं कापड, बल्ब एकच, तोही बाजूनं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. याला म्हणतात आर्ट! बनू म्हणाली, दाजी, माझ्या डाव्या अंगाला अंधार हाय. म्हटलं, गप बस, हलू नको. दुकानातली फोटोची शेवटची काचेची प्लेट होती.

एक कॉपी कोरेगावला. एक माझ्या कलेचा नमुना म्हणून कोल्हापूरच्या फिल्म कंपनीला.

रात्री ट्रंक भरली. शालू म्हणाली, आवं, आधी उत्तर तर येऊ द्या. बायकोला दूरचं दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

कोरेगावहून निरोप. मुलाची आत्या राहीबाई विचारते, पोरीचा डावा डोळा कवा गेला? आणि मागं काळं कापड का, घरात कुणी वारलंय काय?

अडाणी लोक! पण काळजीचं कारण नाही. आत्याबाई स्वतः येणार आहेत. समोर दोन डोळे बघितले की मिटलं.

१९ फेब्रुवारी

राहीबाई आल्या. चहाला हात न लावता बनूच्या डोळ्यापुढं बोट नाचवलं. मग सुईत दोरा ओवायला लावला. बनूनं ओवला. तरी म्हणाल्या, आता उजवा झाकून पुन्यांदा ओव.

बनू लालबुंद झाली. तिनं डावा डोळा घट्ट मिटला आणि तशीच त्यांच्याकडं बघत बसली. मामा म्हणाले, अगं, उघड की डोळा. ती म्हणाली, फोटूत हाय तशीच बसलीया, दाजींनी लय कष्टानं काढलाय.

राहीबाई दुपारच्याच गाडीनं परत गेल्या. मामा बनूवर रागावले नाहीत. म्हणाले, असल्या घरात पोर द्यायचीच न्हाई. शालू पदर तोंडाला लावून हसत होती. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

२२ फेब्रुवारी

कोल्हापूरचं उत्तर नाही. एवढी मोठी कंपनी, वेळ लागणारच. ट्रंक भरलेलीच ठेवलीय. त्यातला कोट शालूनं काढून खुंटीला लावला.

२७ फेब्रुवारी

कोल्हापूरचं उत्तर आलं! ‘सोबतच्या फोटोतील मुलीचा अर्ज मिळाला. आमच्या चालू चित्रात एका डोळ्याच्या मुलीची भूमिका नाही. पुढे निघाल्यास कळवू.’

शालूला वाचून दाखवलं नाही. तिनं स्वतःच वाचलं.

४ मार्च

मिरजेहून नव्या प्लेटा आल्या. मामांनी बोर्डही नवा रंगवून आणला. ‘नाथाजी अँड जावई’. माझं नावसुद्धा नाही त्यावर. मामा म्हणाले, जावईबापू, आता ह्ये जल्मभर तुमचंच. आणि डोळे पुसले.

पहिली प्लेट माझ्यावरच. राजवाड्याच्या जिन्यापुढं उभं केलं. मी मान जरा तिरकी केली, उजेड एका बाजूनं तरी पडावा म्हणून. बनूनं येऊन हनुवटी धरली आणि मान सरळ केली. वाटलं, तो जिना चढून कुठंतरी पळून जावं. रडू येत होतं, पण हलायचं नव्हतं.

संध्याकाळी फोटो धुतला. दोन्ही डोळे आलेत. दोन्ही कान आलेत.